हिरवे चौकोन

९ सप्टेंबर
मानोरा, अभ्यासिका

संघदीप,

वर 'जय भीम' लिहू का नुसतं नाव लिहू, यातच दोन पानं फाडली. लिहिलं तं तू म्हणशील, आता आठवलं हिले. नाही लिहिलं तं मी आमच्या बाबासारखीच. म्हणून नुसतं नाव.

पत्ता पौर्णिमानं दिला. सरळ नाही दिला. "दादानं नंबर बदलला तो कोणासाठी बदलला असन, तूच सांग ना," म्हणे. मी म्हटलं फोन नाही करत, पत्र टाकते. तुही बहीण हसली. वाळूजच्या त्या खोल्यायपर्यंत पोस्टमन जाते का नाही ते पाह्य पहिले, म्हणे. अन् मग तिनंच माह्या वहीत लिहून दिला, पिनकोडासकट.

तू फाडशील तं पहिलंच पान वाचून फाडशील, म्हणून जे सांगाचं ते इथंच सांगते. आमच्या ताईच्या लग्नाची शूटिंग खराब झाली ती तुह्या कार्डानं नाही झाली. कार्ड चांगलं होतं. तू जाणून बी काही केलं नाही. मशीननं, म्हणजे तुह्या दुकानातल्या कॉम्प्युटरनं केलं, अन् मशीन मी बिघडवली होती.

गाव सोडाच्या दोन दिवस आधी तू मले स्टँडवर इचारलं होतं. "रूपाली, खरं सांग, मशीन तं तूच पाह्यतेस. काय झालं असन?" अन् मी काय म्हटलं? कॅमेऱ्याचं कार्ड सस्तं घेतलं असन तू अकोल्याहून, त्यानंच दगा देल्ला. तू मान हालवली. हो, माह्याच कंजुशीनं झालं, म्हणे. तू लगेच मानलं, कारण मशीनच्या बाबतीत तू मलेच मानत होता. ते खोटं होतं. कॅमेरा इकून टाकला, दुकान बंद केलं, अन् ते कार्ड डोक्यात घेऊन तू तिथं खोके पॅक करून राह्यला, हे पौर्णिमानं सांगतलं. म्हणून हे पत्र.

आता मशीनचं. तुले अर्धं माहीत हाये. अर्धं मी कधी नीट सांगतलंच नाही, 'तू आपलं शूटिंग पाह्य' म्हणून उडवलं.

एका लग्नाचा व्हिडिओ दाबून बारीक, कमी जागेचा कराले तुह्या मशीनले चौदा तास लागत. अन् लग्नसराईत रोज एक लग्न. नवीन मशीनची ऐपत नाही, यालेच काही कर, तू म्हणे. प्रोसेसर चांगला होता, पळाले तयार होता. पण पळणाऱ्याले खायाले जास्त लागते, अन् प्रोसेसरचं खाणं म्हणजे व्होल्टेज. तुहा मदरबोर्ड पडला हापिसातून भंगारात निघालेला. त्याच्या सेटिंगमधे व्होल्टेज वाढवाची सोयच नव्हती.

त्या बोर्डावर एक बारीक चिप असते. प्रोसेसरले किती व्होल्टेज चाललं ते ती आपल्या एका पायानं सारखी पाह्यत राह्यते. कमी दिसलं की वाढवते. मी त्या पायाले केसाएवढी तार डकवली, तारेच्या दुसऱ्या टोकाले निळा, चण्याच्या डाळीएवढा रेझिस्टर, त्याच्या डोक्यावर स्क्रू. आता चिपले खरं असे त्याहून कमी दिसे, अन् ती बिचारी वाढवत जाय. म्हणजे चिपले खोटं दाखवाची सोय केली मी. स्क्रू फिरवला की व्होल्टेज वर. तू ती लोंबणारी तार पाहून म्हटलं होतं, "माह्या मशीनले सलाईन लावली का?"

ते जानेवारीत. चौदा तासाचं काम नऊ तासात झालं. तू पेढे आणले. मी मल्टिमीटर लावून आकडा लिहून ठेवला, एक पॉइंट बत्तीस, अन् याच्या वर जायाचं नाही म्हणून तुलेच दम देल्ला.

पण जानेवारी वेगळा अन् मे वेगळा. डीपीवर, म्हणजे ट्रान्सफॉर्मरवर, पाण्याच्या दहा मोटारी एकदम लागल्या की घरचा बल्ब कसा मलूल होते, तसं प्रोसेसरवर काम पडलं की व्होल्टेज खाली बसते. त्याले करंट पुरवणारे मॉस्फेट तापले की अजूनच बसते. मेमधे तुह्या दुकानात पत्र्याखाली पंचेचाळीस. मशीन बंद पडली असती तं बरं झालं असतं. ती बंद नाही पडली. ती चुकत गेली. चुकीचे आकडे लिहत गेली अन् तिले वाटे, बरोबर लिहून राह्यली.

उन्हानं झालं असं समज. पण ते ऊन सोसन अशी मशीन मी बनवली नव्हती, म्हणून दोष माहा.

कार्ड मनातून काढून टाक.

रूपाली


२७ सप्टेंबर
मानोरा, अभ्यासिका

संघदीप,

पत्र पोचलं म्हणून पौर्णिमा सांगत होती. तू फोनवर तिले एवढंच म्हटलं म्हणे, "अक्षर सुधरलं तिचं." यातून मले काही समजत नाही, अन् समजून घ्याचा हक्क बी नाही.

पण ते पत्र मले तोंडपाठ हाये अन् दर खेपी मी 'उन्हानं झालं' तिथं अडते. तिथं बी मी कमीच दाखवलं.

पहिले अंगणातली गोष्ट. तू समोर उभा होता, मी तुह्या मागं, सैपाकघराच्या दारात. मले जे दिसलं ते तुले दिसलं नसन.

ताई पहिल्यांदा माहेरी आलती, देवानंदराव संगं. जावयाले लग्न दाखवाचं म्हणून बाबानं तुह्याकडून कच्ची कॉपी मागून घेतली. मिक्सिंग मागून कर, म्हणे. तू नेहमीसारखी प्रत्येक क्लिपची सुरुवात अन् शेवट पाह्यला अन् पेनड्राइव्ह देल्ला. तसंच तं चालते सगळीकडं, लग्नसराईत कोण तीन तास पाह्यत बसते? टीव्ही अंगणातल्या मांडवात आणला. चाळीसेक लोकं. हळद चांगली, वरात चांगली. पंगत तं अशी साफ की सोजरआत्यानं किती जिलब्या उचलल्या तेही दिसे, अन् सगळे तिले त्यावरून चिडवत होते. मग मंगलाष्टक लागलं अन् ताईच्या तोंडावर हिरवे चौकोन आले. मग जावयाच्या. अंतरपाट खाली आला तवा तं पडद्यावर माणूसच नव्हता. नुसते हिरवे-गुलाबी ठोकळे, अन् आवाज 'सावधान'. लहान पोट्टे हसले. ताई उठून आत गेली.

बाबानं तुले बोलावणं धाडलं. तू आला, त्या बारा खिशाच्या जाकिटात, कोणाच्या तरी हळदीतून उठून. बाबानं पहिले नीट इचारलं. मले बी समजून नाही राह्यलं काका, तू म्हटलं. मग आत्या बोलली की लग्नात या पोराले शेवटच्या पंगतीले बसवलं होतं, भाजी सरली होती. ती सहज बोलली असन. पण बाबाले कारण सापडलं.

"जेवणाचा राग माह्या पोरीच्या लग्नावर काढला का रे?"

"काका, जेवणाचा राग असता तं मी पंगतीतूनच उठून गेलो असतो. शूटिंग कायले करत बसलो असतो?"

इतकं सरळ उत्तर होतं. त्यावर बाबा जे बोलले ते मी इथं लिहत नाही. तुमच्या वस्तीवरून बोलले, तुह्या मायवरून बोलले, अन् त्या चाळीस लोकायतून एकानं 'जानराव, बस करा' म्हटलं नाही. आईनं चहा भरला. सगळ्यायले कपबशी, तुले कागदाचा कप. पाहुणे जास्त झाले, कप कमी पडले, आई पुटपुटली. फडताळात सहा कप पालथे होते. ट्रे माह्या हातात होता. तू तो कप घेतला, माह्याकडं पाह्यलं बी नाही, अन् न पिता ओट्यावर ठेवून गेला.

तवापासून गावात हेच चालते. 'त्याले जेवणात मागं बसवलं, त्यानं लग्न खाल्लं.' मानोऱ्यात दोन लग्नाच्या ऑर्डरी तुह्या हातून गेल्या त्या यावरूनच.

मी काहून नाही बोलली तेही ऐक. घरून मी अभ्यासिकेले जाते म्हणून निघे, परीक्षेच्या तयारीले, अन् दुपारचे दोन-तीन तास तुह्या दुकानात राहे. शटर अर्धं खाली, कारण सोल्डरिंग करताना रस्त्यावरची धूळ येते. धुळीसाठी होतं ते तुले माहीत, मले माहीत. अंगणातल्या चाळीस लोकायले कोण पटवणार होतं? तुह्यावर जेवणाचा राग बसला तं बसू दे, माह्यावर अर्ध्या शटरची गोष्ट नको. एवढा साधा सौदा केला मी, ट्रे हातात धरून.

आता स्क्रू.

लग्न बारा मेचं. तेरा तारखेले दुपारी तू म्हणे, दोन दिवस उभा हावं, पाय गेले, घरी झोपतो, चार वाजता येऊन कार्ड लावतो. चावी माह्याजवळ होतीच. इंटरनेटवर एक यादी हाये, कोणत्या मॉडेलचा प्रोसेसर कोणी किती पळवला त्याची. बर्फाच्या देशातले लोक हायेत त्यात, खिडकी उघडली की झालं त्यायचं कूलिंग. मले त्यात नाव पाह्यजे होतं. चार वर्षं अमरावतीले इंजिनिअरिंग करून मी घरी बसलेली, अन् ताईच्या लग्नात भेटन तो एकच इचारे, आता हिचं कवा? मले एक जागा अशी पाह्यजे होती जिथं कोणी हे इचारत नाही.

स्क्रू अर्धा फेरा वर. एक पॉइंट एकेचाळीस. स्पीड वाढवला. कूलरचं तोंड मशीनच्या पोटात. दोन खेपा मशीन अडकली, तिसऱ्या खेपी पंधरा मिनिटाची चाचणी पार झाली. भारतात तिसरी. मी स्क्रीनचा फोटो काढला, त्यावर वेळ हाये, तीन वाजून बारा मिनिटं. एवढी खुश मी ताईच्या लग्नात बी नव्हती.

तेवढ्यात आईचा फोन, कुठं मेली, सत्यनारायणाले गुरुजी येऊन बसले. मी मशीन बंद केली, शटर ओढलं अन् पळाली. स्क्रू खाली घेणं राह्यलं. स्पीड खाली घेणं राह्यलं. चार वाजता तू आला अन् त्या मशीनवर ताईचं लग्न चढवलं. पंधरा मिनिटं पळाले तयार केलेल्या घोड्यावर तू अख्ख्या प्रवासाचं सामान लादलं, अन् तुले कोणी सांगतलंच नव्हतं.

तं ऊन नाही, संघदीप. म्हणजे ऊन होतंच. पण बत्तीसवर ती मशीन अख्खा एप्रिल त्याच पत्र्याखाली चालली होती, एक चौकोन आला नव्हता.

रूपाली


३ ऑक्टोबर

संघदीप,

हे पत्र लहान हाये. मागच्या पत्रात जागा होती तरी लिहिलं नाही.

चौदा तारखेले सकाळी नऊ वाजता मले स्क्रू आठवला. दात घासत होती. आठवल्याबरोबर सगळं समजलं, काय झालं असन, कुठं झालं असन, सगळं. मी तेच शिकेल हावं.

तू तवा शिरपूरच्या एसटीत होता, जैन मंदिराजवळच्या लग्नाले. तुही पद्धत मले माहीत होती. व्हिडिओ बारीक झाले की सुरुवात-शेवट पाह्याचा अन् कार्डं मोकळी कराची, कारण चारच कार्डं. पण कार्ड मोकळं केलं तरी आतलं जात नाही, त्यावर नवीन काही रेकॉर्ड होईपर्यंत तिथंच राह्यते. काढता येते. मी कॉलेजात दोघातिघायचं काढून देल्लं हाये. शिरपूरचं लग्न साडेअकराचं. म्हणजे अडीच तास होते. ताईचं लग्न तुह्या जाकिटाच्या खिशात होतं, अख्खं, साबूत, एक फोन करून 'त्या कार्डावर काही घेऊ नको' म्हणाचं होतं.

मी फोन लावला. एक रिंग गेली अन् मी कापला. तू म्हणाला असता, तू काल दुपारी माह्या मशीनवर काय करत होती?

तूच उलटा केला. एसटीचा आवाज येत होता. "काय गं?"

मी म्हटलं, "चुकून लागला."

पंधराले जाऊन मी स्क्रू खाली घेतला, स्पीड खाली घेतला, एक क्लिप मधातून उघडून पाह्यली अन् बंद केली. म्हणजे अंगणातल्या टीव्हीच्या अकरा दिवस आधीपासून मले माहीत होतं की मंगलाष्टकात काय दिसणार हाये. स्टँडवर तू इचारलं तवा बी माहीत होतं.

रूपाली


२३ नोव्हेंबर
गाव

संघदीप,

तुहं पोस्टकार्ड आलं. एकच ओळ. 'आई अजून मलेच इचारते, खरंच राग काढला का रे.'

मले वाटलं होतं तू शिव्या देशील. त्यासाठी मी तयार होती. यासाठी नव्हती.

दुसऱ्या दिवशी बाबाले सांगतलं. वावरात हरभऱ्याले पाणी देत होते. मी सगळं सांगतलं, स्क्रू, फोन, अर्धं शटर. बाबानं पाइप खाली ठेवला नाही. ऐकून घेतलं अन् एवढंच इचारलं, कोणाकोणाले सांगतलं? मी म्हटलं, संघदीपले. "मग झालं ना," म्हणे. "ज्याले समजाचं त्याले समजलं. आता गावाले कायले? डिसेंबरात तुह्यासाठी कारंज्याचे पाहुणे येऊन राह्यले." अन् पाणी दुसऱ्या सरीले लावलं. रागावले बी नाही. रागावले असते तं मी समजली असती की तुह्याबद्दल त्यायले काही वाटलं.

मग मी तुह्या घरी गेली, तुह्या आईकडं. चंपाकाकू ओसरीत डाळ निवडत होत्या. मले पाहून 'बस' म्हटलं नाही, 'जा' बी म्हटलं नाही. मी उभ्यानंच बोलली. मशीनचं त्यायले सोपं करून सांगाले गेली तं म्हणे, "मले डीपी समजते, पुढं सांग." पुढचं सांगतलं. सुपातले खडे त्या एका बाजूले करत राह्यल्या. सरले तवा सूप बाजूले ठेवलं.

"दोनदा इचारलं मी त्याले," म्हणे. "एकदा इथं, एकदा फोनवर. पोटच्या पोराले दोनदा."

मले वाटलं आता रडतील, मी पुढं झाली. त्या रडल्या नाही. माह्याकडं अशा पाह्यल्या की मी होती तिथंच थांबली.

"अन् हे तू मले काहून सांगून राह्यली? मले कोणी काही म्हटलं नाही. म्हटलं माह्या लेकाले, तुमच्या अंगणात, चाळीस लोकायसमोर. जिथं म्हटलं तिथं सांग."

मी हो म्हटलं.

हो म्हटलं त्याले आज नऊ दिवस झाले. अंगणात रोज झाडू मारते. चाळीस लोकं काही रोज जमत नाही, असं मनाले सांगते.

रूपाली


२१ फेब्रुवारी
गाव

संघदीप,

तीन महिने लिहिलं नाही, कारण लिहासारखं काही केलं नव्हतं. कारंज्याचे पाहुणे आले, मी पोहे नेले. पसंत हाये म्हणून निरोप आला. मधात दोनदा जमून येत होतं, एकदा तिळगुळाले अन् एकदा काकाच्या घरभरणीले. दोन्ही खेपी मी तोंड उघडलं नाही. तुही आई मले पाणवठ्यावर दिसे अन् काही म्हणत नसे. ते काही न म्हणणंच मले पाठ झालं.

ताईचं डोहाळजेवण पंधरा तारखेले झालं, आमच्याच अंगणात. धनजहून तिची सासू, नणंदा, देवानंदराव, गाडी भरून आले. कारंज्याचे बी आले, बाबानं मुद्दाम बोलावले. ओटी भरून झाली. सोजरआत्या म्हणे, आता पाटं घ्या, पोटात कावळे ओरडून राह्यले. अन् मी टीव्ही ठेवला होता त्या जागेवर जाऊन उभी राह्यली.

काय बोलली ते सगळं आठवत नाही. ओट्याचा खांब धरला होता. लग्नाची शूटिंग संघदीपनं खराब केली नाही, मी केली, हे पहिले म्हटलं. मग तेरा तारीख, स्क्रू, चौदा तारखेचा फोन. फोनचं सांगताना मधात पाणी पेली, परत सांगतलं. मॉस्फेट म्हटलं तवा कोणी तरी मागून हसलं. शेवटी म्हटलं, या अंगणात त्याले जे बोलले ते सगळं माह्या वाट्याचं होतं.

मग आत्यानं इचारलं. इतकं सगळं ऐकून तिले एकच प्रश्न पडला होता, अन् मले वाटते अंगणातल्या सगळ्यायले तोच पडला होता.

"पण तू रोज त्या दुकानात करत काय होती?"

"व्होल्टेज वाढवत होती, आत्या," मी म्हटलं. "दुसरं काहीच नाही. दुसरं असतं तं तेही आज सांगतलं असतं."

कारंज्याचे लोक जेवण न करता उठले. गाडी वळवाले जागा नव्हती म्हणून सगळ्यायच्या समोर पाच मिनिटं मागं-पुढं करत राह्यले. आई आत गेली. बाबा चप्पल घालून वावराकडं निघून गेले, पाहुण्यायले वाढाले बी थांबले नाही. देवानंदरावानं मात्र मले जवळ बोलावून परत इचारलं, "म्हणजे त्या पोराचा काहीच दोष नव्हता?" नव्हता, मी म्हटलं.

ताईच्या हातात हिरव्या बांगड्या, ओटीत नारळ, तशीच बसून होती. जाताना गाडीत बसली अन् काच खाली केली. "मी सासरी त्याले रोज शिव्या देल्या, रूपा. तुह्यासोबत फोनवर देल्या. तू हू हू करत ऐकत होती." काच वर केली.

आता खरं ज्याच्यासाठी हे पत्र टाकून राह्यली ते.

बाबा त्या दिवसापासून कोणाशीच बोलत नव्हते. परवा सकाळी तुमच्या घरी गेले. हे मले पौर्णिमानं सांगतलं, ती दारातच दप्तर भरत होती. बाबा ओसरीच्या खाली उभे राह्यले. टोपी हातात. पोरगं कवा येते गावाले, एवढंच इचारलं म्हणे. तुही आई भाकर टाकत होती. उठली नाही.

"बोलाचं होतं तवा पोराले बोलावून घेतलं ना तुमी घरी," म्हणे. "आता काम तुमचं हाये. तं तुमी जा त्याच्याकडं."

बाबा घरी आले, दुपारभर खाटेवर बसून राह्यले. संध्याकाळी माह्याजवळ आले. चार दिवसात पहिल्यांदा बोलले. "पत्ता दे त्याचा," म्हणे.

मी देल्ला नाही. पहिले त्याले इचारते, म्हटलं. ते म्हणे, इचाराचं काय त्यात, माफी मागाले चाललो. मी म्हटलं, म्हणूनच. मागच्या खेपी तुमी बोलावलं तवा त्याले कोणी इचारलं नव्हतं, येते का म्हणून. ते उठून गेले. आज मानोऱ्याच्या स्टँडवर जाऊन संभाजीनगरची गाडी किती वाजता निघते ते इचारून आले, अन् मले ऐकू जाईन अशा आवाजात आईले सांगतलं.

मले माहीत नाही ते तिथं येऊन काय बोलतील. चांगलं बोलतील याची मी हमी घेत नाही. तुह्या खोलीत पाच पोरं राह्यतात म्हणे, त्यायच्यासमोर काही उलटंसुलटं बोलले तं तुही तिथली जागा बी खराब होईन. किंवा नुसते दारात उभे राह्यतील, टोपी हातात घेऊन. तू ओळखतोस त्यायले. मी ओळखते असं मले वाटे.

तं तू सांग. पोस्टकार्डावर एक शब्द लिहला तरी पुरे. हो म्हणशील तं पत्ता देते, अन् ते एकटेच येतील, मी संगं येणार नाही. नाही म्हणशील तं देणार नाही, अन् तुह्याकडून कारण बी बनवून सांगणार नाही. जे तू लिहशील ते मी त्याच अंगणात, लोकं बोलावून, जसंच्या तसं वाचून दाखवीन. 'नाही' असन तं 'नाही'.

रूपाली